माशी न बसणारं खळं

दमयंती पागधरेला प्रश्न पडला नाही असा दिवस आळीत कुणी पाहिलेला नाही. बोईसरच्या बाजारात मासे विकायला बसली, की गिऱ्हाईक भाव विचारायच्या आत हीच त्याला विचारणार, "साहेब, तुमच्या कंपनीत नक्की बनतं काय ओ?" तो म्हणाला गोळ्या, तर कसल्या गोळ्या, त्यांना रंग कशाला देतात, लाल गोळीत आणि पिवळ्या गोळीत फरक काय. बिचारा बोंबील घ्यायला आलेला असतो, तोंडी परीक्षा देऊन घरी जातो. तिची धाकटी जाऊ शकू तिला 'चौकशीची खिडकी' म्हणते. आणि वर म्हणते, स्टेशनातली खिडकी निदान जेवणाच्या वेळेला बंद होते, आमची तेव्हाही उघडीच.

कुंभवलीवरून कारखान्यांच्या भिंती उजव्या हाताला ठेवत खाडीकडे उतरलं, की मांगेल्या मच्छीमारांची ही लहानशी आळी लागते. दमयंतीचा नवरा दामू होडीवर जातो. ओले मासे ती बाजारात विकते, उरलेलं दारातल्या खळ्यावर सुकवते. एकुलती लेक हेतल केळव्याला दिलेली. तिच्या सासरच्या सुपारीच्या वाडीत पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत. शनिवार-रविवार मुंबईची मंडळी येतात, समुद्रात डुंबतात, आणि जाताना हेतलकडून सुका जवळा बांधून नेतात. तो जवळा आईच्या खळ्यावरचा. एकदा नेलेला माणूस पुढच्या खेपेला आधी जवळ्याचं विचारतो, मग खोलीचं. याचा दमयंतीला किती अभिमान होता म्हणून सांगू! चालताना मान जरा ताठच असायची.

आता जवळा सुकवणं दिसायला सोपं. इवलीशी कोळंबी ती, उन्हात पसरली की झालं, असं शहरातल्या माणसाला वाटतं. पण ओला जवळा पसरला रे पसरला की माश्या तुटून पडतात. त्या बसल्या की अंडी घालतात, मग अळ्या, मग सगळा माल खाडीत. म्हणून आळीतल्या बायका दिवसभर फडकं हलवत उन्हात बसलेल्या दिसतील. फक्त दमयंतीच्या खळ्यावर फडकं नाही. तिथे माशी बसतच नाही. शकूच्या खळ्यावर घोंघावतात, मधल्या कुडाच्या काठ्यांवर बसतात, आणि कुडाच्या अलीकडे एक म्हणून नाही. दमयंती जवळा पसरून खुशाल बाजाराला जायची, आणि शकू पलीकडून दात-ओठ खात फडकं हलवायची.

हे खळं झालं तेव्हा हेतल शाळेत जात होती. दारातली जागा सखल, उधाणाचं पाणी आलं की चार दिवस चिखल. एक दिवस कारखान्यांच्या बाजूने डंपर आला. ड्रायव्हर म्हणाला, पांढरी माती आहे, भरावाला हवी का, फुकट. अहो, खाडीकाठच्या माणसाला फुकट भराव म्हणजे लॉटरीच! दामू आणि त्याच्या भावाने तो पसरला, वर पाणी मारलं, धुमसाने ठोकला. दोन उन्हं लागली आणि सिमेंटसारखा घट्ट झाला. दमयंतीने त्यावर शेण सारवलं आणि देवीला नारळ फोडला. शकूला पुढच्या खेपेचा डंपर पाहिजे होता, पण तो डंपर पुन्हा कधी आला नाही. त्यावरून दोघी जावा बरेच महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या.

माश्या येत नाहीत हे सगळ्यांच्याच लक्षात आलं. पण का येत नाहीत, हा प्रश्न पडला एकटीलाच. म्हातारी मंडळी म्हणाली देवीची कृपा. दामू म्हणाला, "आपल्याकडे वारा लागतो." दमयंती म्हणाली, "कुडाच्या पलीकडे काय वारा बंद करून ठेवलाय?" तिने एकदा गुळाचे दोन खडे घेतले, एक शकूच्या खळ्यावर ठेवला, एक आपल्या. शकूकडचा मुंग्यांनी तासाभरात पळवला. हिच्याकडचा उन्हात वितळून गेला, तरी मुंगी फिरकली नाही. कोंबड्या दारभर उकरत फिरायच्या, खळ्यावर चोच मारायच्या नाहीत. तिने मास्तरांना विचारलं, दवाखान्यात विचारलं, बाजारात येणाऱ्या एका कंपनीतल्या साहेबांना विचारलं. ते हसून म्हणाले, "मावशी, माश्या येत नाहीत ही काय तक्रार झाली?"

"तक्रार कुठं हाय? मी आपली विचारते," ती म्हणाली आणि बोंबील तोलून दिले.

तर अशात खाडीपलीकडच्या खाजणात सरकारी काम निघालं. तिथल्या खड्ड्यात कुठल्या तरी काळी कुणी तरी कारखान्यांचा रासायनिक कचरा आणून ओतलेला. त्यावर गवत उगवत नव्हतं, गुरं फिरकत नव्हती. तो आता सरकारने साफ करायला घेतला. चहूबाजूंनी हिरवं कापड, कवटीचं चित्र काढलेल्या पाट्या, आणि आत पांढरे पोशाख घातलेली माणसं, तोंडावर मास्क, हातात कोपरापर्यंत मोजे. आळीने एकमताने ठरवलं की तिकडे कुणी जायचं नाही. कुणाला वासाची भीती, कुणाला जमिनी जातील याची. दमयंती दुसऱ्याच दिवशी पाटी डोक्यावर घेऊन तिकडे हजर!

खोदणाऱ्या मशीनवरचा माणूस वरून ओरडला, "ए माई, उधरही रुको! इधर मत आओ!"

"अरे बाबा, येत नाय. बघते फक्त," ही म्हणाली आणि हिरव्या कापडाच्या भोकाला डोळा लावला.

आतून एक पोशाख चालत आला आणि त्याने मास्क काढला, तर आत पंचविशीची पोरगी. घामाने चिंब. सपना तिचं नाव, मासवणची. बापाची डोंगराच्या कडेला भातशेती, आणि ही मातीचे नमुने गोळा करायच्या कामावर. पिशवीत माती भरायची, चिठ्ठी लावायची, तपासणीला पाठवायची.

"मावशी, काय पायजे?"

"काय नाय गं बाय. हे काढून नेता कुठं?"

झालं, खिडकी उघडली. सपनाचाही स्वभाव गोड. तिने सांगितलं, की झाकलेल्या ट्रकातून हे लांब नेतात, खाली-वर जाड प्लास्टिकचे थर घालून पुरतात, पाऊस आत जाऊ देत नाहीत आणि खालचं पाणी वर्षानुवर्षं तपासत राहतात. मग इथं काय घालणार? चांगली माती. ती कुठून आणणार? आणि पाण्यात उतरलंय ते कसं काढणार? पोरगी उत्तरं देता देता थकली, पण वैतागली नाही. दमयंती रोज जायला लागली. कधी मूठभर सुकट द्यायची, कधी ताडगोळे. जन्मात पहिल्यांदा तिला असं माणूस भेटलं होतं, जे 'माहीत नाय, बघून सांगते' म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी खरंच बघून सांगायचं.

एक दिवस तिने विचारलं, "असं पुरलेलं अजून कुठं हाय, ते तुमाला कळतं कसं?"

"लोकांनाच विचारतो," सपना म्हणाली. "कुठं गवत येत नाय, कुठलं पाणी गुरं पीत नाय. काही लोकांनी भराव म्हणून घरीसुद्धा नेलंय म्हणतात. पण सांगत कोण नाय. हे बघा, असं असतं." आणि तिने बंद पिशवी पुढे धरली.

आत पांढरं ढेकूळ होतं. त्यात पिवळी बारीक रेघ. दमयंतीने ती रेघ ओळखली. पावसाळ्यानंतर खळ्याच्या कोपऱ्यातलं शेण निघालं, की खाली हीच रेघ दिसायची. दर वर्षी तिनेच ती शेणाने झाकली होती.

त्या दिवशी ती एकही प्रश्न न विचारता परतली. सपना मागून बघत राहिली, हिला आज बरं नाही की काय.

घरी आल्यावर दमयंतीने दामूला आणि शकूला बोलावून सगळं सांगितलं. दामू जाळं शिवत होता, त्याने सुई खाली ठेवली. "आणि तू त्यांना काय बोललीस?"

"काय नाय."

"मंग नकोच बोलू. इतकी वर्षं खाल्लं, मेलो काय आमी? सांगितलंस तर मशीन घेऊन येतील, दार खणून ठेवतील. ऐन जवळ्याच्या दिवसांत!"

दमयंतीला वाटलं, शकू तरी आपल्या बाजूने बोलेल. इतकी वर्षं या खळ्यावर जळलेली बाई, तिला तर आनंदच व्हायला हवा. पण शकूचा चेहरा पांढराफटक पडला होता. "जाऊबाय, तुझ्या पाया पडते. तुझा जवळा विषारी म्हटला, की माझा कोण घेईल? बाजारात कोण विचारतंय कुठल्या खळ्यावरचा ते? या आळीचा म्हणजे सगळ्यांचा गेला. आपल्या पाठीमागं किती चुली हायत, बघ जरा."

शकूचं खरंच होतं. दमयंतीने ठरवलं, तोंडाला कुलूप. दोन दिवस ते पाळलंही. पण खोटं कशाला बोलू, हे कुलूप तिला झेपणारं नव्हतंच. भीतीपेक्षा मोठं असं एक कुतूहल तिला आतून पोखरत होतं. कोण जाणे, पांढरी माती काय एकाच जातीची असते? आपली निराळी असेल. तपासल्याशिवाय विष कशाला म्हणायचं?

तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिने काचेचे दोन ग्लास घेतले. मासे धुवायच्या जागेवरून दोन माश्या पकडल्या. तुम्ही हसाल, पण पन्नाशी उलटलेली बाई माश्यांच्या मागे फडकं घेऊन धावत होती, आणि दामू खाटेवरून म्हणत होता, "हिला येड लागलंय." एक माशी तिने शकूच्या खळ्यावर पालथ्या ग्लासाखाली कोंडली. दुसरी आपल्या खळ्यावर, कोपऱ्यातलं शेण खरवडून. आणि मध्ये कुडाशी बसून राहिली.

दोन्ही माश्या आधी सारख्याच घुमत होत्या. मग हिच्या ग्लासातली खाली उतरली. पाय घासले, जरा चालली, भेलकांडली. उलटी पडली, गोल गोल फिरली आणि थांबली. घरात चुलीवर ठेवलेला चहा अजून उकळला नव्हता. शकूकडची काचेला टकरा देत होती. शकूने ते पाहिलं, ग्लास उचलला, आपली माशी सोडून दिली, आणि घरात गेली.

दमयंती तिथेच बसली. इतक्या वर्षांचं कोडं सुटलं होतं. पण कोडं सुटल्यावर माणसाला जे वाटायला हवं ते काही तिला वाटेना. तिला आठवली हिना, हेतलची पोरगी. दिवाळीत आली होती तेव्हा याच खळ्यावर रांगत होती. बोळक्या तोंडात जवळ्याची चिमूट घालून चघळत होती, आणि आजी टाळ्या वाजवत होती, बघा बघा, मांगेल्याची नात कशी शोभते! दमयंतीला रडू फुटलं. ती डंपरवाल्याला शिव्या देत रडली, स्वतःला शिव्या देत रडली. मग तोंड धुतलं आणि पाटी न घेताच खाजणाकडे निघाली.

दामूने हाक मारली, "कुठं चाललीस?"

"सांगायला."

त्याने उठून पायात चपला घातल्या आणि तिच्या मागून चालू लागला.

पुढचं सरकारी रीतीने झालं. सपनाने खळ्याच्या वेगवेगळ्या जागी भोकं पाडून माती नेली. शकूच्या दारची नेली, विहिरीचं पाणी नेलं. निकाल यायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात आळीने दमयंतीशी बोलणं टाकलं. निकाल आला तेव्हा विहीर वाचलेली निघाली, शकूचं खळं स्वच्छ निघालं. दमयंतीचं खळं खोलपर्यंत खणायचं ठरलं. किडे मारायच्या औषधाच्या कारखान्यातला गाळ असावा, असं सपनाचे साहेब म्हणाले. कुठल्या, ते इतक्या वर्षांनी सांगता येणार नव्हतं. शकूने स्वच्छतेचा तो कागद बाजारातल्या आपल्या पाटीवर दाभणाने टाचला, आणि विचारणाऱ्याला विचारायच्या आधी दाखवायला लागली.

मशीन आलं त्या सकाळी दमयंती कंबर कसून उभी होती. माती जाईल हे तिला ठाऊक होतं. पण पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं घरात शिरली आणि माळ्यावरची जवळ्याची पोती खाली आणू लागली, तेव्हा मात्र तिचा तोल गेला.

"ए, ते कुठं नेता? तो जवळा हाय! माझ्या हातचा हाय!"

"मावशी," सपना म्हणाली, "तो पण न्यावा लागेल."

"कचऱ्यात?"

सपनाने होकाराची मान हलवली. पोती जाड प्लास्टिकमध्ये गेली, प्लास्टिक पिंपात, पिंपावर कवटीची चिठ्ठी. ज्या जवळ्यासाठी मुंबईची माणसं केळव्याला खोली घेत होती, तो मातीबरोबर त्याच झाकलेल्या ट्रकात चढला. दमयंतीला वाटलं, आपलं नावच कुणी तरी ताडपत्रीखाली बांधून नेतंय. फार लाज वाटली तिला. आणि रागही आला, पण तो कुणावर काढायचा, समोर तर सगळी मदत करणारीच माणसं होती.

हेतलला तिने फोनवरच सांगितलं. उरलेला जवळा परत दे, गिऱ्हाइकांना खरं काय ते सांग. हेतलने एकच विचारलं, "आये, हिनाला काय होईल?"

हाच प्रश्न दमयंतीने सपनाला विचारला होता. सपना म्हणाली होती, "डॉक्टर रक्त तपासतील, लक्ष ठेवतील. पण आजच्या आज ठाम सांगता येणार नाय, मावशी. मी खोटं नाय बोलणार." पहिला निकाल बरा आला आहे, पुढचा यायचा आहे. जन्मभर प्रश्न विचारत आलेल्या बाईच्या वाट्याला हा असा एक आला, की ज्याच्या उत्तराची नुसती वाट बघायची.

खड्डा भरला तो डोंगराकडच्या लाल मातीने. सपना म्हणाली, "आमच्या बाजूची हाय, भात पिकतं हिच्यात." ती धुमसाने ठोकायला दामू एकटाच उभा राहिला, तेव्हा कुडाच्या पलीकडून शकू शेणाची बादली घेऊन आली. "सर बाजूला," दमयंतीला म्हणाली, "तुला कधी धड सारवता आलंय?" आणि दोघी जावा गुडघ्यांवर बसून सारवू लागल्या. त्यांचं बघून आणखी दोघी आल्या.

मग दामूच्या होडीला जवळा मिळाला. दमयंतीने तो नव्या खळ्यावर हाताने पसरला, पातळ, एकसारखा. आणि कुडाला टेकून बसली. सूर्य वर आला, जवळ्याचा वास सुटला. पलीकडे शकूचं फडकं चालू झालं होतं. इकडे मात्र माशी नाही.

अजून राहिलंय की काय खाली? नवी माती, नवं शेण, तरी का येत नाहीत? "ओ," ती घाबरून दामूला म्हणाली, "सपनाला बोलवा. परत खणायला सांगा."

"अगं थांब जरा," दामू म्हणाला, पण तोही उठून खळ्याशी आला.

तेवढ्यात कुडाच्या काठीवरून एक माशी उडाली. जवळ्यावर घिरटी घातली. उतरली. माशीने पुढचे पाय एकमेकांवर घासले, दोन पावलं चालली, आणि उलटी पडली नाही. तिच्या शेजारी दुसरी येऊन बसली. मग तिसरी.

"ओ, आल्या!" दमयंती ओरडली. "शके, बघ गं, आल्या!"

शकूने कुडावरून आपलं फडकं तिच्याकडे फेकलं. "मंग बसलीस काय नुसती? हाकल की!"

दमयंतीने फडकं उचललं. पण पहिल्या माशीला तिने आणखी थोडा वेळ तिथेच चालू दिलं.